ब्लूबेरी पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर पुन्हा पिवळी: कुंडीतल्या पिवळेपणाचं (केवड्याचं) मूळ पाण्यात आहे

जुलैत रोपाला गर्द हिरवी पालवी फुटते. दिवाळी उलटली की शेंड्याची पानं फिकट व्हायला लागतात. फेब्रुवारीपर्यंत शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिकल्या लिंबासारखा. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं पाकीट आणून फवारलं की दोन-तीन आठवडे बरं दिसतं आणि पुन्हा तेच. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात, रोप गेलं असं वाटतं, आणि पाऊस लागला की तेच रोप पुन्हा हिरवं होतं.

घाटमाथ्याच्या पूर्वेला, विशेषतः बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर ब्लूबेरी वाढवणाऱ्यांच्या गच्चीत हे चक्र दरवर्षी फिरतं. या चक्रातच निदान दडलंय. माती तीच, कुंडी तीच, खतही तेच. चार महिने बदलतं ते फक्त पाणी. त्या चार महिन्यांत रोप आभाळाचं पाणी पितं, उरलेले आठ महिने आपण घालू ते.

आधी खात्री करा की हा केवडाच आहे

ऊस पिकवणाऱ्या माणसाला हे पान दाखवलं तर तो बघताक्षणी म्हणेल, केवडा पडलाय. चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्यामुळे उसावर पडतो तोच हा. मुख्य खूण अशी की पिवळेपणा सगळ्यांत कोवळ्या पानांपासून सुरू होतो आणि शिरांचं बारीक जाळं हिरवं राहतं. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे उपासमार आधी नव्या पालवीची होते.

पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर असेल, कडा पिवळ्या-लालसर आणि मधोमध हिरवा पट्टा राहिला असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. लिटरला १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मुळाशी दिलं की काम होतं. सगळं रोपच शिरांसकट फिकट आणि सुरुवात जुन्या पानांपासून, तर नत्र कमी. नुसत्या कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर क्षार साचलेत किंवा माध्यम (कुंडीत भरलेलं मिश्रण) मधूनमधून कोरडं पडतंय. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनंतर पानं लालसर झाली तर घाबरू नका, तो थंडीचा रंग आहे.

एक शक्यता मात्र लगेच तपासा. माध्यम ओलं असूनही शेंडे माना टाकत असतील तर रोप कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. निरोगी मुळं केसासारखी बारीक, फिकट तपकिरी आणि चिवट असतात. काळी पडलेली, बोटाने ओढली की साल सुटून येणारी मुळं म्हणजे मूळकूज. तिथे लोहाचा काही उपयोग नाही. आधी निचरा दुरुस्त करायला हवा.

रोपाला लोह का मिळत नाही

कुंडीत लोह बहुतेक वेळा भरपूर असतं. ते रोपाला घेता येत नाही, हा खरा अडथळा. ब्लूबेरीच्या मुळांना इतर झाडांसारखी मूळरोमं नसतात, आणि मुळांभोवतीची जागा आम्लधर्मी करून लोह विरघळवण्याची ताकदही तिच्यात फार कमी. तिला सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.५ च्या दरम्यान आयता लागतो. तो ६ च्या वर सरकला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळं त्याच्या शेजारी उपाशी राहतात.

सामू वर सरकवतो कोण? पाण्यातलं बायकार्बोनेट. गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला, नळाच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तो याच पाण्याची खूण. इथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो: पाण्याचा सामू मोजतात, ७.२ येतो, आणि पाणी ठीक आहे असं समजून पुढे जातात. सामू म्हणजे पाणी आत्ता किती आम्ल किंवा अल्क आहे एवढंच. आम्ल पचवून टाकण्याची त्याची ताकद किती, हे क्षारतेवरून कळतं, आणि ती मुख्यतः या बायकार्बोनेटमुळेच येते. ७.२ सामूच्या दोन पाण्यांत क्षारता चौपट वेगळी असू शकते, आणि कुंडीचा सामू शेवटी कुठे जाऊन थांबेल हे ती क्षारताच ठरवते.

हिशोब करून बघा. पाण्याची क्षारता लिटरला २०० मिलिग्रॅम आहे (ती चुनखडीच्या रूपात मोजतात) आणि रोपाला रोज २ लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम, महिन्याला १२ ग्रॅम, आणि ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सुमारे ९६ ग्रॅम चुनखडी आपण स्वतःच्या हाताने कुंडीत घालतो. थोडी निचऱ्यातून बाहेर जाते, बाकीची आतच काम करते. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतं आणि त्याचा सामू साधारण ५.६ असतो. चार महिने तो कुंडी धुऊन काढतो, म्हणून जुलैत रोप हिरवं होतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी कमी पडून सोसायटीच्या टाकीत टँकरचं पाणी मिसळायला लागलं की क्षारता एकदम वाढते. "नोव्हेंबरपर्यंत ठीक होतं, मार्चमध्ये अचानक बिघडलं" अशी तक्रार असेल तर टँकर कधी सुरू झाला ते आधी विचारा.

मोजमाप: दोन आकडे पुरेसे आहेत

पहिला आकडा पाण्याच्या क्षारतेचा. मत्स्यालयाच्या दुकानात केएच टेस्ट किट मिळतं. ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम क्षारता. ११ थेंब लागले तर साधारण २००. १०० च्या आत असेल तर थोड्या गंधकावर निभावतं. १५० च्या वर गेलं की पाण्यावर उपाय केल्याशिवाय रोप टिकणार नाही.

दुसरा आकडा कुंडीतल्या सामूचा. मातीत खुपसायचे दोन-तीन दांड्यांचे मीटर मिळतात, ते विसरून जा. कोकोपीटमध्ये त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. पेनसारखा डिजिटल मीटर घ्या आणि दर वेळी मोजण्याआधी ४.० व ६.८६ च्या बफर द्रावणात जुळवून घ्या. नेहमीसारखं पाणी घालून तासभर थांबा. मग कुंडीच्या वरून २०० मिलिलिटर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी सगळीकडे सारखं ओता आणि खालून येणारं पहिलं ५० मिलिलिटर पाणी बशीत धरून त्याचा सामू मोजा. ५.५ च्या आत आला तर उत्तम, ५.५ ते ६.५ आला तर सुधारणा सुरू करा, ६.५ च्या वर आला तर पुढचे सगळे उपाय लागतील. त्याच पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजता आली तर मोजा: १.५ मिलिसीमेन्सच्या वर असेल तर क्षारही साचलेत, म्हणजे खत द्यायच्या आधी कुंडी धुवायला हवी.

दुरुस्तीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. कुंडी न धुता लोह दिलं की ते पुन्हा अडकून बसतं, आणि क्षार साचलेले असताना खत दिलं की मुळं भाजतात.

सुरुवात धुण्याने करा. साठवलेलं पावसाचं पाणी, आरओचं शुद्ध पाणी किंवा खाली सांगितल्याप्रमाणे आम्ल केलेलं पाणी घ्या. ३० लिटरच्या कुंडीतून ३० लिटर पाणी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन हप्त्यांत सोडा. पाणी तळातून मोकळं वाहून गेलं पाहिजे, बशीत साचता कामा नये. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. मात्र आरओ मशीनचं टाकाऊ पाणी कधीही वापरू नका. शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोह द्या. बाजारात चिलेटेड आयर्न म्हणून जे सर्रास मिळतं ते बहुधा ईडीटीए असतं, आणि सामू ६.५ च्या पुढे गेला की ते लोह धरून ठेवू शकत नाही. असं पाकीट मुळाशी घातलं की पैसा वाया जातो तो इथे. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं, ६ टक्के लोहाचं घ्या. त्याची पूड गडद लालसर असते आणि पाणी लालभडक होतं. लिटरला अर्धा ग्रॅम मिसळून मोठ्या कुंडीला २ लिटर मुळाशी ओता. उन्हात ते विघटतं म्हणून संध्याकाळ, आणि ते मुळाशीच द्यायचं, फवारायचं नाही.

पानांवर लवकर हिरवेपणा हवा असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) फवारता येतं. आधी लिटरभर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग २ ग्रॅम हिराकस घाला. उलट क्रमाने जड पाण्यात घातलं तर डोळ्यांदेखत ते तांबूस गढूळ होतं, म्हणजे लोह गंजून फुकट गेलं. उन्हं उतरल्यावर फवारा, फुलं-फळं असताना टाळा, आणि फरशी व भिंत झाका, कारण गंजाचे डाग निघत नाहीत. हा तात्पुरता दिलासा आहे. फवारलेली पानं ठिपक्याठिपक्यांनी हिरवी होतील. खरा निकाल दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या नव्या पालवीत दिसतो. पार पांढरट पडलेली जुनी पानं पूर्ववत होत नाहीत, त्यांच्याकडे बघून औषध वाढवत बसू नका.

रोजच्या पाण्याचं काय करायचं

यावर लक्ष दिलं नाही तर वरचं सगळं पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागेल.

सर्वांत चांगलं पाणी पावसाचं. १० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी होतं. आठ महिने रोज २ लिटर म्हणजे एका रोपाला साधारण ४८० लिटर लागतं. पहिल्या एक-दोन सरींचं धुळीचं पाणी सोडून द्या, नंतरचं झाकणाच्या, काळ्या किंवा निळ्या ड्रममध्ये भरा. उजेड आत गेला नाही तर शेवाळ धरत नाही. जागा एका २०० लिटरच्या ड्रमपुरतीच असेल तर जड पाण्यात निम्मं मिसळून वापरा, क्षारता निम्मी होते.

उरलेल्या क्षारतेसाठी सायट्रिक ॲसिड वापरा. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. २०० क्षारतेच्या १० लिटर पाण्याला सुमारे ३.५ ते ४ ग्रॅम, ३०० असेल तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास. छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याने अंदाज चुकतो. ढवळा, दहा मिनिटं बुडबुडे निघू द्या, मग सामू मोजा. ५ ते ५.५ आला की थांबा. ४.५ च्या खाली जाऊ नका. हे पाणी त्याच दिवशी संपवा, दोन-तीन दिवसांत त्यात बुरशी आणि चिकटा धरतो. लिंबूसत्व नसेल तर पांढरं व्हिनेगर, १० लिटरला साधारण ५० मिलिलिटर. दोन्ही सेंद्रिय आम्लं आहेत, जिवाणू ती खाऊन टाकतात आणि परिणाम ओसरतो. म्हणून हे एकदाच करून भागत नाही, आणि सोबत गंधक लागतंच.

बॅटरीचं सल्फ्युरिक ॲसिड शेतीत वापरतात हे खरं, पण मुलंबाळं असलेल्या घराच्या गच्चीवर ते ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या बॅटरीतून काढलेलं तर नाहीच नाही, त्यात शिसं असतं.

गंधकाचा हिशोब सरळ आहे. १ ग्रॅम गंधक पूर्ण आम्लात बदललं की सुमारे ३ ग्रॅम चुनखडी खातं. वरच्या उदाहरणात महिन्याला १२ ग्रॅम चुनखडी येत होती, म्हणजे महिन्याला ४ ग्रॅम गंधक. ८० टक्क्यांची पाण्यात मिसळणारी पूड असेल तर ५ ग्रॅम. तीन महिन्यांचं मिळून १२ ते १५ ग्रॅम वरच्या दोन इंचांत हलक्या हाताने मिसळा, त्याहून जास्त एका वेळी घालू नका. गंधकाचं आम्ल करणारे जिवाणू असतात. त्यांना ओल आणि ऊब लागते, आणि परिणाम दिसायला सहा ते दहा आठवडे जातात. पान पिवळं पडल्यावर गंधक घालणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माध्यम ओलं आणि हवा गरम असताना पहिला हप्ता द्या. आम्लाचं पाणी रोज नियमाने देत असाल तर गंधक निम्म्यावर आणा, नाहीतर सामू ४ च्या खाली घसरतो आणि मुळांना तेही सोसत नाही.

सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल तर सॉफ्टनरच्या आधीचं पाणी मिळवा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. बायकार्बोनेट जिथल्या तिथे राहतं. कपड्यांना फेस चांगला येतो, पण ब्लूबेरीसाठी हे पाणी मूळ जड पाण्याहून वाईट.

चांगल्या हेतूने केलेल्या चुका

इतर झाडांना जे जे मानवतं तेच इथे बाधतं, म्हणून अनुभवी बागकाम करणारे इथे जास्त फसतात. गांडूळखत आणि शेणखत यांचा सामू बहुधा ७ किंवा त्याच्या वर असतो. कुंडीत एक तृतीयांश गांडूळखत घातलं की पाणी कितीही चांगलं असो, केवडा पडणारच. राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, कुंडीला आतून लावलेला चुना, सगळं सामू वर नेतं. सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपत राहतो, तेव्हा प्लास्टिकची किंवा कापडी कुंडी वापरा. चहाचा चोथा निरुपद्रवी आहे, पण तो माती आम्ल करतो हा गैरसमज. वापरलेल्या कॉफीचंही तसंच, तिचं आम्ल कपात उतरलेलं असतं. तुरटीने सामू उतरतो खरा, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम मुळांना घातक ठरतं.

खतांत १९:१९:१९ नको, कारण त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रेटचा असतो. ब्लूबेरीला अमोनियमचं नत्र हवं. नायट्रेट शोषताना मुळांभोवतीचा सामू उलट वाढतो. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटही याच कारणासाठी टाळा, आणि म्युरेट ऑफ पोटॅश तिच्यातल्या क्लोराइडसाठी. अमोनियम सल्फेट लिटरला अर्धा ग्रॅम, मोठ्या कुंडीला २ लिटर, पंधरा दिवसांतून एकदा. पालवी वाढत असतानाच द्या, रखरखीत उन्हाळ्यात थांबवा.

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत ब्लूबेरी बागेत आणायचे प्रयत्न फसत होते, कारण लोक तिला भरखताच्या, चुना घातलेल्या सुपीक मातीत लावत. तिला आम्ल माती लागते हे फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये प्रयोगांसह मांडलं, आणि पुढे क्रॅनबेरीच्या बागायतदार एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत न्यू जर्सीत १९१६ मध्ये पहिलं व्यापारी पीक विक्रीला गेलं. न्यू जर्सीतल्या वाळूमय, आम्ल जमिनीत ती आजही थेट लावता येते. डॅलसच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र तीच अडचण येते जी सोलापुरात येते, आणि उपायही तेच.

माध्यम बदलायचंच झालं तर

निचऱ्याचा सामू ६.५ च्या वर असेल आणि माध्यमात शेणखत, माती किंवा वाळू असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, माध्यम बदला. फळं काढून झाल्यावर, जूनअखेर-जुलैत करा. मुळांचा गोळा मोडू नका. बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग बोटांनी मोकळा करून झटका आणि ३० ते ४० लिटरच्या कुंडीत पूर्वीच्याच खोलीवर लावा. निम्मं धुतलेलं कोकोपीट, ३० टक्के पाइनच्या सालीचे तुकडे, २० टक्के परलाइट किंवा भाताचं तूस. कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात सोडियम आणि पोटॅश असतं. पिळून काढलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) २५० च्या खाली येईपर्यंत धूत राहा. वर दोन इंच पाइनच्या सालीचं किंवा पाइनच्या वाळक्या पानांचं आच्छादन करा. मुळं उथळ असतात, एप्रिलच्या उन्हात वरचा थर दोन तासांत तापतो. काळी कुंडी असेल तर तिला पांढरं गोणपाट गुंडाळा, मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट लावा, कुंडी विटांवर ठेवा.

कोकणातल्या जांभ्या मातीत किंवा महाबळेश्वरच्या लाल मातीत सामू मुळातच कमी असतो, तिथे जमिनीत लावून बघायला हरकत नाही. पाण्याची क्षारता मात्र तिथेही मोजा. देशावरच्या काळ्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर त्यात मोकळी चुनखडी आहे. अशा जमिनीत खड्डा काढून त्यात कोकोपीट भरणंही फुकट, कारण बाजूच्या मातीतला चुना पाण्याबरोबर आत येत राहतो. जमिनीच्या वर, तळ वेगळा केलेला वाफा किंवा सरळ कुंडीच बरी.

बिलॉक्सी, मिस्टीसारख्या कमी थंडीच्या जातींनाही केवडा तसाच पडतो. पानं पिवळी पडली म्हणून जात बदलून उपयोग नाही. जात महत्त्वाची ठरते ती फळासाठी: ब्लूक्रॉपसारखी भरपूर थंडी मागणारी जात पुण्यात हिरवीगार राहिली तरी फुलोऱ्यावर येणं अवघड.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिलं मोजमाप करा, मग दर महिन्याला एकदा, आणि टँकर सुरू झाल्यावर लगेच एकदा. आकडे कुंडीवरच मार्करने लिहून ठेवा. सामू सलग दोनदा ०.३ ने चढला की पान अजून हिरवं असतानाच लिंबूसत्वाचं प्रमाण वाढवा. पानावर पिवळेपणा दिसतो तो सामू वर जाऊन काही आठवडे उलटल्यावर.